आरएक्स १००: ट्यूनिंग पंधरा दिवसांत परत बिघडते तेव्हा

लक्षण नेहमीचेच. ट्यूनिंग करून आणली की आठ-पंधरा दिवस गाडी झकास पळते. मग एके दिवशी सिग्नलला रेस सोडली तरी इंजिन खाली यायला तयार नसते. किंवा उलटे होते: स्लो धरत नाही, बंद पडते, मधल्या रेसला अडखळते. परत गॅरेज, परत हवेचा स्क्रू अर्धा फेरा इकडे, सुईची क्लिप एक खाच तिकडे, आणि परत पंधरा दिवस. तीन-चार खेपांनंतर कुणीतरी कार्बोरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारा मेन जेट मोठा टाकून मोकळा होतो.

पितळेचा जेट पंधरा दिवसांत बदलत नाही. त्याचे भोक काल जेवढे होते तेवढेच आज आहे. ट्यूनिंग पुन्हा पुन्हा हलत असेल तर दुसरेच काहीतरी हलते आहे आणि स्क्रू फिरवून आपण त्याची भरपाई करतो आहोत. दोष थोडा वाढला की ती भरपाई अपुरी पडते. म्हणून या लेखात जेट बदलण्याची पाळी बरीच उशिरा येईल.

उदाहरण यामाहा आरएक्स १०० या दोन-स्ट्रोक गाडीचे घेतले आहे. मिकुनी कंपनीचा २० मिलिमीटरचा व्हीएम कार्बोरेटर, आत गेलेले मिश्रण मागे न येऊ देणारा रीड व्हॉल्व्ह, वेगळा ऑइल पंप. आपल्याकडे ही गाडी १९८५ ते १९९६ या काळात निघाली, म्हणजे सगळ्यात धाकटी आरएक्ससुद्धा आता तिशीची झाली. मूळचे रबर आणि ऑइल सील तेवढ्याच वयाचे. हे वय लक्षात ठेवले की निम्मे निदान तिथेच होते.

रेसचे सोळा आणे

पेट्रोल जास्त म्हणजे रिच, हवा जास्त म्हणजे लीन, एवढे सगळ्यांना माहीत असते. पण ‘गाडी रिच आहे’ हे वाक्य अर्धवट आहे. किती रेसला रिच? पूर्ण रेस सोळा आणे धरली तर कार्बोरेटरमधले काम असे वाटलेले असते: स्लोपासून दोन आण्यांपर्यंत स्लो जेट आणि हवेचा स्क्रू, दोन ते चार आणे मुठीने वरखाली होणाऱ्या स्लाइडचा खालचा तिरपा काप, चार ते बारा आणे सुई आणि ती ज्यात वरखाली होते तो नीडल जेट, बाराच्या पुढे मेन जेट. सीमा काटेकोर नाहीत, शेजारचा शेजारच्यात थोडी लुडबुड करतो. पण सहा आण्यांना अडखळणाऱ्या गाडीत मेन जेट बदलून काही होणार नाही, हे नक्की.

आणे अंदाजाने मोजू नका. चालवताना पाव रेस वाटते ती बऱ्याचदा अर्धी निघते. कार्बोरेटरचे तोंड २० मिलिमीटरचे आहे, म्हणजे स्लाइड अडीच मिलिमीटर उचलली की दोन आणे, ५ मिलिमीटरला चार, १० ला आठ, १५ ला बारा. एअर फिल्टरकडची नळी काढा, ५ मिलिमीटरच्या ड्रिल बिटचा गुळगुळीत दांडा स्लाइडखाली सरकवा, मूठ सोडून स्लाइड त्यावर टेकवा आणि केबलचा ढिलेपणा संपेपर्यंत मूठ हलकेच फिरवा. आता मुठीवर चिकटपट्टी लावून स्विचच्या डब्यासमोर रेघ मारा. असेच १० आणि १५ चे. पाच मिनिटांचे काम आहे, पण यानंतर ‘कुठेतरी मध्ये मारते’ याऐवजी ‘चार ते सहा आण्यांत मारते’ असे सांगता येते.

रिच की लीन, हे जेट न उघडता

ज्या आण्याला त्रास आहे तिथे रेस स्थिर धरा आणि चोक किंचित ओढा. सुधारले तर लीन होते. आणखी गुदमरले तर रिच. रिचची खात्री करायची दुसरी युक्ती जुनी आहे: चालत्या गाडीत पेट्रोलचा कॉक बंद करा. फ्लोटच्या वाटीतली, म्हणजे कार्बोरेटरच्या तळाशी साठलेल्या पेट्रोलची, पातळी उतरू लागली की मिश्रण आपोआप लीन होत जाते. बंद पडण्याआधीच्या काही क्षणांत गाडी एकदम मोकळी धावली, तर ती आधी रिच होती. हा प्रयोग हलक्या रेसला करा. सोळा आण्यांवर करू नका, पिस्टन धरेल, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसेल.

सोळा आण्यांसाठी वेगळा प्रयोग. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेसला इंजिन दमल्यासारखे वाटले की मूठ एखादा आणा मागे घ्या. गाडी पुढे ओढू लागली तर मेन जेट लहान आहे किंवा वाटीत पेट्रोल पुरत नाही. रिच मेनचा आवाज वेगळाच असतो. सलग ‘रींऽऽ’ ऐवजी ‘बर्रर्र-बर्रर्र’ असा फाटका, जणू एक सोडून एक ठिणगी पेटते आहे. चढावर जोर पडला की हा आवाज साफ होतो. तो एकदा कानात बसला की विसरत नाही.

हवा कुठून शिरते

रेस सोडल्यावर इंजिन चढेच राहते, हळूहळू खाली येते, आणि हवेचा स्क्रू कुठेही ठेवला तरी तसेच, असे असेल तर ट्यूनिंग थांबवा. आधी केबल अडकत नाही ना आणि स्लाइड खाली पूर्ण बसते ना ते पाहा. ते ठीक असेल तर कार्बोरेटर आणि पिस्टन यांच्यामध्ये कुठूनतरी चोरून हवा शिरते आहे. असे इंजिन तापते, आणि हायवेवर सलग रेस दिली की जाम होते.

संशयित तीन. पहिला इनटेकचा जोड: रबराला बाहेरून न दिसणाऱ्या चिरा असतात, हाताने वाकवल्या की उघडतात. कार्बोरेटर काढून रबर उजेडात पिळून बघा. क्लॅम्प पिळून पिळून एका बाजूला दबलेला असतो तेही बघा. रीड ब्लॉकखालची पॅकिंग फाटली असेल तर नवी घाला. लाल गॅस्केट मेकरचा थर फासणे हा उपाय नाही. पेट्रोलने तो फुगतो आणि त्याचे तुकडे आत जातात.

दुसरा संशयित डाव्या, मॅग्नेटच्या बाजूचे क्रँकचे ऑइल सील. इथून कोरडी हवा शिरते. मॅग्नेटचे कव्हर काढल्यावर आत तेलकट काळा ओलावा दिसला तर सील संपले.

तिसरा उजवे, क्लचच्या बाजूचे सील. याची तऱ्हा उलटी आहे, इथून गिअर ऑइल आत ओढले जाते. पांढरा-निळा धूर थांबत नाही, प्लग ओला काळा होतो, गिअर ऑइलची पातळी उतरते आणि बाहेर कुठे थेंबही दिसत नाही. पुष्कळदा याला ‘टू-टी (पेट्रोलबरोबर जळणारे) ऑइल जास्त जातंय’ म्हणून ऑइल पंप कमी केला जातो. मग दोष तसाच राहतो आणि पिस्टनला तेल मात्र कमी मिळते.

इनटेकची गळती पकडायला गरम इंजिनवर पेट्रोल किंवा स्प्रे मारून आवाज बदलतो का ऐकण्याची पद्धत सर्रास आहे. आग लागण्याचा धोका आहेच, शिवाय सीलची गळती तिने सापडत नाही. दाबाची चाचणी घरीही होते. रक्तदाब मोजायच्या जुन्या उपकरणाचा रबरी फुगा आणि काट्याचा मीटर घ्या. जुन्या प्लगमधले चिनीमातीचे काम फोडून काढा, त्यात नळी घालून एम-सीलने बसवा, रात्रभर वाळू द्या. सायलेन्सर उतरवून एक्झॉस्टच्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि पत्र्याची पट्टी आवळा. कार्बोरेटर काढून इनटेकच्या तोंडात घट्ट रबरी बूच बसवा. पंपाकडून येणारी तेलाची नळी बंद केलेल्या भागात उघडत असेल तर तीही बंद करा. आता पिस्टन अगदी खाली आणा. तो वर राहिला तर दाब फक्त सिलिंडरमध्ये भरतो, क्रँककेसपर्यंत पोहोचत नाही आणि तुम्ही रिंगाच तपासत बसता.

मीटरवर पाऱ्याच्या २८० मिलिमीटरपर्यंत दाब भरा. हे साधारण साडेपाच पीएसआय होतात. याहून बराच जास्त दाब दिला तर चांगले सीलही जागा सोडते. सहा मिनिटे थांबा. निरोगी इंजिनात काटा जेमतेम हलतो. मिनिटाला ५० मिलिमीटरपेक्षा जास्त घसरला तर साबणाचे पाणी ब्रशने सगळ्या जोडांवर लावा आणि बुडबुडे शोधा. डाव्या सीलसाठी मॅग्नेट उतरवावा लागतो. बाहेर कुठेच बुडबुडा नाही आणि काटा तरी पडतोय? गिअर ऑइल भरायच्या भोकाला कान लावा, किंवा त्यावर साबणाचा पडदा धरा. पडदा फुगला तर उजवे सील.

ही चाचणी केल्याशिवाय जेटचा नवा सेट घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

पेट्रोल पुरते का

पूर्ण रेसला किलोमीटरभर पळून गाडी दमते, उभी करून मिनिटभर थांबले की पुन्हा ठीक, हा मेन जेटचा दोष नाही. टाकीच्या झाकणाचा श्वास बंद झालाय किंवा कॉकची जाळी गंजाने भरलीय. झाकण सैल ठेवून तोच रस्ता पुन्हा पळवला की कळते. नंतर कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत धार सोडा. ११ अश्वशक्तीचे हे इंजिन पूर्ण जोरात मिनिटाला साधारण ८० मिलिलिटर पेट्रोल पिते. त्यामुळे धार मिनिटाला २०० च्या आसपास हवी, आणि ती दुसऱ्या मिनिटालाही तेवढीच राहायला हवी.

फ्लोटची उंची एका मिलिमीटरने चुकली तरी सगळ्या आण्यांवर थोडा थोडा परिणाम होतो आणि माणूस प्रत्येक जेट बदलत बसतो. वाटी काढून कार्बोरेटर उलटा धरा. फ्लोटची जीभ वाटीत येणारे पेट्रोल अडवणाऱ्या आतल्या सुईच्या स्प्रिंगला नुसती टेकली पाहिजे, दाबायला नको. त्या अवस्थेत माप घ्या आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवा. त्या सुईच्या टोकावर गोल कडे उमटले असेल तर ती बदला. अशी सुई कधी बसते, कधी गळते. ‘सकाळी ठीक, संध्याकाळी खराब’ ही तक्रार बरेचदा हिच्यामुळे असते.

जेट साफ करायला तार कधीही नको, क्लचच्या केबलचा तंतू तर नाहीच. साधारण १ मिलिमीटरचे भोक खरवडून १.०२ झाले तरी क्षेत्रफळ चार टक्क्यांनी वाढते, म्हणजे जेटचा नंबर बदलल्यातच जमा. पेट्रोलमध्ये भिजवा, हवा मारा, फार तर टूथब्रशचा नायलॉनचा तंतू वापरा. टाकीत गंज असेल तर तो काढेपर्यंत हे काम दर महिन्याला करावे लागेल. स्लो जेटचे भोक इतके बारीक असते की तांबूस पुडीचा एक कण पुरतो.

झिजलेली सुई

गळती नाही, पेट्रोल पुरते, तरी चार ते आठ आण्यांत गाडी जड आणि मायलेज घसरलेले. सुई काढून खिडकीसमोर आडवी धरा आणि बोटांत फिरवा. एका बाजूला लांबट चकचकीत चट्टा दिसेल, नख फिरवले तर किंचित पायरी लागेल. वर्षानुवर्षे थरथरून सुई नीडल जेटच्या एकाच कडेला घासते, भोक गोलाचे अंडाकृती होते आणि सुईभोवतीच्या फटीतून जादा पेट्रोल चढते. क्लिप वर घेऊन सुई खाली उतरवली की काही दिवस बरे वाटते. पण त्यामुळे आठ ते बारा आण्यांचा पट्टा लीन होतो, जिथे सुई निमुळती आहे आणि झीजही फारशी नाही. सुई आणि नीडल जेट दोन्ही एकदम बदला. नुसती सुई बदलणे म्हणजे नवे झाकण जुन्या डब्याला.

स्लाइडही बघून घ्या. बोटाने पुढेमागे ढकलल्यावर ‘खट खट’ वाजत असेल तर स्लो कधीच स्थिर राहणार नाही.

फिल्टरबद्दल थोडक्यात. फोमचा फिल्टर धुऊन कोरडाच बसवला तर गाडी थोडी लीन, तेलात बुचकळून बसवला तर रिच. धुवा, तेल लावा, पिळून काढा. फिल्टर काढून टाकल्याने पिकअप वाढते ही समजूत जाता जात नाही. गाडी लीन झाल्यामुळे आवाज तिखट होतो, त्यालाच लोक पिकअप समजतात, आणि रस्त्याची धूळ सिलिंडरमध्ये जाते ती वेगळीच.

आता जेट

वरचे सगळे निस्तरल्यावर मूळ नंबरांवर परत या. मूळ सायलेन्सर आणि फिल्टर असलेल्या गाडीला बहुतेक वेळा इथेच काम संपते. सायलेन्सर बदलला असेल तरच पुढे.

एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि सुरुवात मेन जेटपासून करा, कारण वरच्या बदलाचा परिणाम खालच्या आण्यांवर थोडा उतरतो. मूळ नंबरापेक्षा दोन-तीन पायऱ्या मोठा जेट टाका, म्हणजे तो फाटका आवाज हमखास येईल. मग एकेक पायरी उतरा. तिसऱ्या गिअरमध्ये सोळा आण्यांवर आवाज साफ झाला की थांबा आणि एक पायरी परत वर चढा. ही पायरी हिवाळ्याच्या पहाटेसाठी राखीव. लीनकडून सुरुवात करून वर चढणारा माणूस मधल्या एखाद्या चाचणीत पिस्टन घालवून बसतो. जेट सगळे एकाच कंपनीचे घ्या. मिकुनीचा १०० आणि केहिनचा १०० एक नव्हेत, दोघांची नंबर द्यायची रीत वेगळी आहे.

प्लगचा रंग पाहायचा तर नवा प्लग लावा, मोकळ्या रस्त्यावर पूर्ण रेसला पळवा, मग त्याच क्षणी क्लच दाबून चावी बंद करा आणि गाडी तशीच थांबू द्या. गल्लीतून हळूहळू घरी आणून काढलेला प्लग स्लो जेटचा रंग दाखवतो, मेनचा नाही. बघायचे तेही टोकाकडे नाही, पांढऱ्या चिनीमातीच्या अगदी मुळाशी, टॉर्च मारून. तिथे कॉफीच्या रंगाचे बारीक कडे हवे. मुळापर्यंत पांढरी शुभ्र असेल तर पुढे चालवू नका.

मग सुई. क्लिप मधल्या खाचेत ठेवून सुरू करा. क्लिप खाली म्हणजे सुई वर, म्हणजे रिच. इथे गोंधळ फार होतो. आठ आण्यांवर सपाट रस्त्याला स्थिर धरून ऐका, एकेक खाच हलवा.

शेवटी हवेचा स्क्रू. स्लाइडला टेकतो तो स्लोचा. हवेचा लहान असतो आणि फिल्टरच्या बाजूला असतो. आत फिरवला की हवा कमी, गाडी रिच. बऱ्याच चार-स्ट्रोक गाड्यांत हा स्क्रू इंजिनच्या बाजूला असतो आणि नेमका उलटा चालतो, त्यामुळे तिथली सवय इथे नडते. इंजिन पुरते गरम करा, स्क्रू हलकेच पूर्ण आत न्या (आवळू नका, टोक चेपते), दीड फेरा बाहेर काढा. तिथून पाव-पाव फेरा फिरवत सगळ्यात चढा आणि गुळगुळीत स्लो जिथे मिळेल तिथे थांबा, मग स्लोच्या स्क्रूने आवाज खाली आणा. एका फेऱ्याच्या आतच उत्तर मिळाले तर स्लो जेट एक नंबर मोठा हवा. अडीच फेऱ्यांच्या बाहेर जावे लागले तर लहान.

घाट, थंडी आणि पंपावरचे पेट्रोल

खरोखर हवेमुळे बदलणारी ट्यूनिंगही असते, पण ती पंधरा दिवसांनी बिघडत नाही, ऋतू आणि उंचीबरोबर सरकते. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर आहे. तिथली हवा मुंबईपेक्षा साधारण १२ टक्के विरळ. मुंबईची गाडी वर गेली की रिच होते, धूर काढते, ओढत नाही, पण जिवंत राहते. वर बसवलेली ट्यूनिंग घेऊन खाली उतरणे घातक, कारण खाली ती लीन ठरते. मे महिन्याच्या ४० अंशांत बसवलेली गाडी जानेवारीच्या पहाटे १० अंशांना दहाएक टक्के दाट हवा ओढते, म्हणजे तेव्हाही लीन.

पंपावरच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलचा हिशेब वेगळा. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला १४.७ किलो हवा लागते, २० टक्के इथेनॉलवाल्याला साधारण साडेतेरा. शुद्ध पेट्रोलवर बेतलेला जेट त्यामुळे सातआठ टक्के लीनकडे झुकतो. दोन-स्ट्रोकला मुळातच थोडे जादा पेट्रोल दिलेले असते, म्हणून पुष्कळ गाड्या यातून निभावतात. पण सोळा आण्यांची परीक्षा याच पेट्रोलवर घ्या, आणि बहुधा मेन एक पायरी वर जाईल अशी तयारी ठेवा. इथेनॉल पाणी धरते. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहिली असेल तर ट्यूनिंगला हात लावण्याआधी वाटी उतरवून बघा. तळाशी पाण्याचा मण्यासारखा थेंब सापडतो.

ऑइल पंप काढून टाकीत तेल मिसळणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावे: तेल वाढवले की तेवढ्याच भोकातून पेट्रोल कमी जाते. लिटरला २० मिलिलिटरवर बसवलेली गाडी ४० घातल्यावर धूर जास्त काढेल, पण मिश्रण लीनकडेच जाईल. प्रमाण ठरवा आणि मग ट्यूनिंग करा.

ऑइल पंप चालू असेल तर कार्बोरेटर काढला-बसवला की तेलाच्या नळीत हवा शिरते, आणि इतकी मेहनत करून बसवलेला जेट पहिल्याच फेरीत पिस्टन वाचवू शकत नाही. पंपावरचा हवा काढायचा स्क्रू सोडा, बुडबुडे संपून सलग तेल येईपर्यंत वाहू द्या, मग आवळा. त्यानंतर इंजिन स्लोला ठेवून पंपाची केबल हाताने पूर्ण ओढून धरा. नळी पारदर्शक असेल तर हवेचा कप्पा पुढे सरकताना दिसतो. तो संपेपर्यंत केबल सोडू नका. आणि पहिल्या दोन लिटर पेट्रोलमध्ये लिटरला २० मिलिलिटर टू-टी वेगळे घाला. धूर निघेल, निघू द्या.